हुकूमशहावरच्या माहितीपटात निवेदन हवं की नको?

तालीमवाला: माझं मत, नको. 1974 चा बार्बे श्रोडरचा युगांडाच्या हुकूमशहा इदी अमीनवरचा माहितीपट बघा. अमीन स्वतःच प्रसंग रचतो. अ‍ॅकॉर्डियन वाजवतो, इस्रायलच्या ताब्यातल्या गोलान टेकड्यांवरच्या हल्ल्याची रंगीत तालीम घेतो. श्रोडर कॅमेरा चालू ठेवतो, बास. डॉक्टरांच्या सभेत कॅमेरा अमीनच्या चेहऱ्यावर खिळतो, तेव्हा निवेदक काय वेगळं सांगणार?

शाहूपुरी_संकलक: भावा, त्यातच मंत्रिमंडळाची बैठकही आहे. परराष्ट्रमंत्र्यावरनं अमीन सगळ्यांना झापतो. पडद्यावर दिसतो फक्त वैतागलेला साहेब. दोन आठवड्यांनी त्या मंत्र्याचं प्रेत नाईलमध्ये सापडलं, हे निवेदक सांगतो. तेवढं वाक्य काढ, लोक हसून मोकळे होतील.

पंचगंगेकाठचा: आणि निवेदन नाही म्हणजे प्रामाणिक, हेही खोटं. रिफेनश्टालच्या 1935 च्या नाझी प्रचारपटात निवेदक नाहीच. न्यूरेंबर्गच्या मेळाव्यात ध्वजस्तंभावर कॅमेऱ्यासाठी लिफ्ट बसवली, व्यासपीठाभोवती रूळ टाकले. बाकी काम संगीतानं केलं.

तालीमवाला: ती बाई हिटलरच्या बाजूनंच कापत होती की! आंद्रेई उजिकाचा रुमानियाच्या हुकूमशहावरचा, चाउशेस्कूवरचा 2010 चा माहितीपट बघा. तीन तास, सगळं जुनं चित्रीकरण, निवेदन शून्य. पण सुरुवातीलाच सत्ता गेल्यावरचा त्याचा 1989 चा खटला. नंतरची प्रत्येक सलामी त्या खटल्याच्या सावलीत दिसते. संकलन हेच निवेदन.

शाहूपुरी_संकलक: ज्याला रुमानिया ठाऊक आहे त्याला. साहेब दुकानात जातात, समोर पावांच्या राशी. 1980 च्या दशकात तिथं पाव रेशनवर होता, हे कॉलेजच्या पोराला कोण सांगणार? त्याला वाटेल, काय झकास चाललंय.

पंचगंगेकाठचा: कोल्हापूरच्या शाहू स्मारकात असा माहितीपट दाखवायचा झाला तर एक पानभर कागद वाटा. सत्ताकाळ, चित्रीकरण कुणी केलं, कुणाच्या परवानगीनं, काय कापलं. श्रोडरचा लावणार असाल तर प्रतही तपासून घ्या. अमीननं सुमारे अडीच मिनिटं कापायला लावली होती. श्रोडर ऐकेना तेव्हा युगांडातल्या फ्रेंच नागरिकांना हॉटेलात कोंडून श्रोडरचा फोन नंबर त्यांच्या हातात दिला. शेवटी कापावं लागलं. 1979 ला अमीन पडल्यावर तो भाग परत जोडला. कापलेली प्रत लावलीत तर निम्मी चर्चा फुकट.

तालीमवाला: कागद चालेल. पण आधी नको, सुटताना द्या.

शाहूपुरी_संकलक: सुटताना लोक गाडी काढायला पळतात. मध्यंतरात द्या.

तालीमवाला: माहितीपटाला मध्यंतर? चित्रपटमहर्षी बाबूराव पेंटरांच्या गावात असलं बोलू नका राव.