मदत हवी आहे: आठ दिवस झाले, साबण अजून लोण्यासारखा मऊ

कोल्ड प्रोसेसने (न शिजवता, तेलात सोड्याचं पाणी मिसळून) घरी साबण केलाय. खोबरेल १५० ग्रॅम, शेंगदाण्याचं तेल ३००, एरंडेल ५०. कॉस्टिक सोडा ७१, पाणी १९०. सोड्याचा हिशेब ५% तेल मोकळं राहील असा धरलेला. मिश्रण छान दाटलं होतं, पण वडी अजून साच्यातून सुटत नाही. अंगठा दाबला की ठसा उमटतो, बोट तेलकट होतं.

शंका दोन. शेंगदाणा तेल जास्त झालं का? (घाण्याचं घरात होतं, म्हणून ओतलं.) की सोडाच मेला? बरणी मागच्या पावसाळ्यातली, झाकण सैल, आत ओलसर गुठळ्या. वजनात पाणीच मोजलं गेलं असेल का?

अजून महिनाभर वाळू देऊ, की किसून खोबरेल-सोडा घालून शिजवू? तसं असेल तर नवा सोडा किती घ्यायचा, हे कसं ठरवायचं?