मुलींचे डबे न खाता परत येतात, रात्री मात्र बिस्किटांचे पुडे! काय करावं?

नेरुळची_काकू
नेरुळला माझी छोटी मेस आहे. कॉलेजच्या मुली सकाळी डबा नेतात, रात्री जेवायला येतात. हल्ली काही डबे जसेच्या तसे परत येतात. पोळ्यांची घडीही मोडलेली नसते, काकडीच्या फोडी तेवढ्या संपलेल्या. विचारलं की, ‘काकू, डाएट चालू आहे.’ माझ्याकडे पोळ्या लाटणारी बाई त्यांच्या पीजीत केर काढते. ती सांगते, खाटेखाली रोज मॅगीची पाकिटं आणि क्रीम बिस्किटांचे पुडे निघतात.

एकीचं वजन खूप वाढलंय, आई फोनवर रोज तेच ऐकवते. दुसरी इतकी वाळलीय की ड्रेस खांद्यावरून उतरतो. ती जेवली की लगेच बाथरूममध्ये जाते आणि नळ सोडून ठेवते. मी काही त्यांची आई नाही, पण ताट मी वाढते. दोघींना वेगळं जेवण देऊ का? आणि बोलू तरी काय?

पामबीच_वॉकर
जाडीला भात, साखर बंद करा. भारतीयांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. मेसमध्ये वजनकाटाच ठेवा, आपोआप शिस्त लागेल.

दातांची_डॉक्टर_ठाणे
आकडे बरोबर आहेत, पण काटा मुळीच नको. आणि ‘जाडी’ हा शब्दही नको, अशाच शब्दांनी या मुली जेवण सोडतात.

काकू, नौपाड्यात माझा दवाखाना आहे. ‘गार पाणी झोंबतं’ म्हणून कॉलेजच्या मुली येतात. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू बघावी, तर इनॅमल, म्हणजे दातावरचं कठीण आवरण, झिजून गुळगुळीत झालेलं असतं. पोटातलं ॲसिड वारंवार तोंडात आलं की असं होतं. ॲसिडिटीनेही होतं, म्हणून मी थेट आरोप करत नाही, दार लावून हळू विचारते. बऱ्याच जणी तिथेच रडतात.

तुमची दुसरी मुलगी जेवून मुद्दाम उलटी काढत असावी, तिला लवकर डॉक्टरकडे न्यायला हवं. सारख्या उलट्यांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाळी बंद झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगू दे. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, नुसती चूळ भरावी.

जेवण मात्र दोघींना एकच द्या. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री भूक ताबा घेते, मग अपराधी वाटतं आणि सकाळी पुन्हा उपास. यातून एखादीचं वजन वाढतं, एखादी उलट्या काढू लागते. दर तीन-चार तासांनी पोटात काहीतरी जायला हवं. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या ४८० तरुणींचा एक अभ्यास छापून आला. सगळ्या वजनाच्या चिंतेने ग्रासलेल्या. काहींना आठ आठवडे इंटरनेटवरून शरीराकडे बघण्याची दृष्टी आणि खाण्याच्या सवयी यांबद्दल शिकवलं. मुळात वजन जास्त असलेल्यांपैकी शिकवलेल्या एकीलाही दोन वर्षांत खाण्याचा आजार झाला नाही. न शिकवलेल्यांत सुमारे १२ टक्के मुलींना झाला.

ट्रान्सहार्बर_लेडीज
मी वाशीला शिकते. साडेसहाला घर सोडताना घास उतरत नाही. डबा उघडायला दुपारचे दोन वाजतात, तोवर कॅन्टीनचा समोसापाव दिसत राहतो. आणखी एक, काकू. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ असंही म्हणू नका. मला कोणीतरी तसं म्हटलं आणि मी रात्रीचं जेवण सोडलं होतं.

नेरुळची_काकू
सकाळच्या डब्यावर आता थालीपीठ नाहीतर मेथीचा पराठा कागदात गुंडाळून देते, गाडीत हातात धरून खाता येईल असा. दुपारसाठी चिक्की, पेरू. त्या मुलीच्या आईचा नंबर आहे माझ्याकडे. फोन करू का?

दातांची_डॉक्टर_ठाणे
आधी तिच्याशी बोला, एकटीला गाठून. वजनाचा विषय नको, ‘तुझी काळजी वाटते’ एवढंच म्हणा. डॉक्टरकडे सोबत जायची तयारी दाखवा. ती घाबरली तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर द्या, तिथे मराठीतही बोलता येतं. चक्कर येऊन पडली किंवा छातीत धडधडलं, तर मात्र तिची परवानगी मागत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा आणि आईला कळवा.