बॅजर क्लार्कला 'काउबॉय कवी' म्हणायचं का?

रानवाट : गेल्या उन्हाळ्यात अमेरिकेत साऊथ डकोटात माउंट रशमोर बघायला गेलो होतो, तिथून जवळच कस्टर स्टेट पार्कमधे बॅजर क्लार्क या कवीची केबिन आहे, 'बॅजर होल' म्हणतात. वीज नाही, फोन नाही, नळ नाही, आणि हा माणूस तिथे जवळपास तीस वर्षं, १९५७ ला जाईपर्यंत, एकटा राहिला. लग्नही केलं नाही. मी तिथे बराच वेळ रेंगाळलो, खरंच भारावलो. पण परत येऊन त्याचं आयुष्य वाचलं तेव्हा खटकलं. बाप मेथडिस्ट पाद्री, हा वाढला डेडवुड गावात, एक वर्ष कॉलेज, मग क्यूबाला गेला आणि ते सगळं फसलं, परत आला तर टीबी, म्हणून कोरड्या हवेसाठी १९०६ ला ॲरिझोनात टूम्बस्टोन गावाजवळच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या मळ्यावर, गेला. तिथे चार वर्षं राखणदारी केली, तीसुद्धा बेताचीच कामं, वेळच वेळ. एवढ्यावर 'काउबॉय कवी'? ज्यांनी हजारो जनावरं हाकत नेली, पावसात घोड्यावर रात्री काढल्या त्यांच्यावर हा अन्याय आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

कोरडवाहू : अजिबात पटलं नाही. मग ब्रूस किस्कॅडन या दुसऱ्या काउबॉय कवीचं काय करणार? तो तर अस्सल, १८९८ पासून कोलोरॅडोत गुरांमागे राबलेला, पण त्याच्या पुष्कळशा कविता त्याने लिहिल्या लॉस एंजेलिसच्या हॉटेलात लोकांच्या बॅगा उचलण्याची नोकरी करत असताना. त्याला काय बेलबॉय कवी म्हणायचं? राबणाऱ्या माणसाला राबताना लिहायला होत नाही हो, माझे आजोबा जन्मभर गुरं राखायचे, रात्री अंग टाकलं की सकाळच. लिहायला निवांतपणा लागतो, तो क्लार्कला आजारपणाने दिला आणि किस्कॅडनला शहराने.

आणि क्लार्क काही कवी व्हायला गेलाच नव्हता. सावत्र आईला पत्रात कविता लिहून पाठवली, तिने ती परस्पर 'पॅसिफिक मंथली' मासिकाला पाठवली, दहा डॉलरचा चेक आला! तिथून सुरुवात, मग १९१५ ला 'सन अँड सॅडल लेदर' हा कवितासंग्रह.

रानवाट : किस्कॅडनचा मुद्दा मान्य, पण त्याने आधी वर्षानुवर्षं घाम गाळला होता, मग आठवून लिहिलं. पाहून लिहिणं वेगळं आणि भोगून लिहिणं वेगळं.

सांजवेळ : मला वाटतं हा निवाडा आपण करायचाच नाही, तो काउबॉय लोकांनी केव्हाच केलाय. त्याची 'काउबॉयची प्रार्थना' घ्या. देवा, मी कधी चर्च उगवतात तिथे राहिलो नाही, तू सृष्टी घडवून तिला छान म्हणालास त्या दिवशी ती जशी होती तशीच मला जास्त आवडते, असं काहीसं सुरुवातीला आहे. ही कविता त्या लोकांनी इतकी आपलीशी केली की पोस्टकार्डांवर छापली गेली, अंत्यविधीला म्हटली गेली, आणि खाली नाव काय? 'कवी अज्ञात'! क्लार्क स्वतः ती कार्डं गोळा करायचा. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांना कोण विचारतं कुणी रचली म्हणून? जिच्या तोंडी बसली तिची झाली. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांनाच वाटलं की हे आपल्यातल्याच कुणाचं तरी आहे, याहून मोठा दाखला कुठला हवाय.

पानगळ : थांबा थांबा, ओवीशी तुलना नको. ओवी बायकांनी मिळून घडवली, ही एका माणसाने लिहून मासिकात छापून आणलेली कविता आहे. कार्डं विकून दुसऱ्यांनी पैसे केले आणि कवी साध्या केबिनमधे राहिला, यात मला कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. नाव गाळणं म्हणजे गाळणंच. १९३७ ला साऊथ डकोटाने त्याला पहिला राजकवी केलं तेव्हा 'पोएट लॉरिएट' ऐवजी तो स्वतःला 'पोएट लॅरिएट' म्हणवायचा, लॅरिएट म्हणजे जनावर पकडायचा फासाचा दोर. स्वभाव मोठा होता म्हणून त्याने हसून सोडलं, आपण सोडायचं कारण नाही.

कोरडवाहू : हे मात्र शंभर टक्के.

पानगळ : आणि वारशाबद्दल बोलायचं तर क्लार्कच्या 'अ बॉर्डर अफेअर' या कवितेचा विषय पण काढा ना कुणीतरी. बॉब डिलनने गायलंय ते, 'स्पॅनिश इज द लव्हिंग टंग' नावाने. मेक्सिकन मुलीवर जीव जडलेला काउबॉय भांडणामुळे रातोरात पळतो, परत जाऊ शकत नाही. अप्रतिम. पण शेवटाकडे तो म्हणतो की ती मेक्सिकन, मी गोरा, असंच झालं ते बरं. ती ओळ वाचून मला प्रत्येक वेळी बोचतं.

सांजवेळ : मलाही बोचते, पण मी ती वेगळी वाचते. तो ते स्वतःच्या गळी उतरवायला बघतो आणि लगेच पुढे कबूल करतो की तिची आठवण काही जात नाही. तो स्वतःची समजूत घालतोय आणि ती पटत नाहीये. ॲरिझोना-मेक्सिकोच्या त्या सरहद्दीवर तेव्हा हेच बोललं जायचं, आणि हे ऐकायला क्लार्क चार वर्षं तिथे होता. रानवाट, तुम्हाला वर्षं कमी वाटतात, पण कान उघडे असले की चार वर्षं कमी नाहीत.

रानवाट : चार वर्षांबद्दल मी अजून हटत नाही, घोड्यावरच्या कामाबद्दल बोलायचं तर किस्कॅडनच वरचढ. पण ते गाणं मी फक्त डिलनच्या आवाजात ऐकलं होतं, क्लार्कचं आहे हे केबिनमधे उभा असताना मला माहीतच नव्हतं. आत्ता पूर्ण कविता वाचतोय, तिसऱ्यांदा.