मदत हवी आहे: रॉकेट उड्डाणांची यादी नोशनमध्ये आपोआप आणतेय, पण एकाच उड्डाणाची चार-चार पानं होतायत

नमस्कार मंडळी,

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात मुलांचा आकाशनिरीक्षणाचा गट चालतो. सातवी ते दहावीची पोरं आहेत. येणाऱ्या रॉकेट उड्डाणांचा एक डेटाबेस नोशनमध्ये (नोंदी आणि तक्ते ठेवायचं ऑनलाइन अ‍ॅप) केलाय. प्रत्येक उड्डाणाला एक पान. वरच्या रकान्यांत तारीख, रॉकेट, तळ आणि स्थिती. खाली पानात मुलं स्वतः लिहितात: उपग्रह कशासाठी, रॉकेटचे टप्पे किती, कुणी चित्र काढून फोटो चिकटवतं. माझ्यासाठी तोच खरा ऐवज आहे.

मला कोड लिहिता येत नाही. एन८एनमध्ये (वेगवेगळ्या सेवा जोडून कामं आपोआप करून घ्यायचं साधन) एकेका कामाचे चौकोन जोडता येतात, तेवढंच. वाचनालयातल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर ते बसवलंय. रोज सकाळी सहाला शेड्यूल ट्रिगर (ठरल्या वेळी काम सुरू करणारा चौकोन), मग एचटीटीपी रिक्वेस्टने (नेटवरून माहिती मागवणारा चौकोन) लाँच लायब्ररी २ या उड्डाणांची माहिती देणाऱ्या सेवेची 'अपकमिंग' म्हणजे येणाऱ्या उड्डाणांची यादी, ती स्प्लिट आउटने सुटी करायची आणि प्रत्येकाचं नोशनमध्ये पान. नोशनचं टोकन (परवानगीची किल्ली) दिलंय, डेटाबेसला कनेक्शनही जोडलंय, पानं व्यवस्थित तयार होतात.

अडचण अशी की उड्डाण पुढे ढकललं की नव्या तारखेचं नवीन पान होतं आणि मुलांनी लिहिलेलं जुन्या पानावर राहतं. नाव आणि तारीख दोन्ही जुळलं तर पान करू नको, अशी अट घातली आहे. तरी हे होतंच. दुसरं म्हणजे कितीतरी उड्डाणांची वेळ पहाटे ५:३० च दिसते. दोन मुलं गजर लावून थेट प्रक्षेपण बघायला उठली, तिकडे काहीच नव्हतं. तिसरं विचित्र वाटेल: सहाचा ट्रिगर सहाला चालतच नाही. हिवाळ्यात दुपारी साडेचारला चालायचा, आता साडेतीनला चालतो. शिवाय यादीत इस्रोचं नाव क्वचितच दिसतं.

कुठून सुरुवात करू?

— पोफळबाग

सुतळीबॉम्ब: एवढा खटाटोप कशाला? उड्डाणांची तयार कॅलेंडरं मिळतात, फोनला जोडून टाका. विषय संपला.

पोफळबाग: जोडून झालंय. पण कॅलेंडरात मुलं लिहिणार कुठे?

दर्यावर्दी: ताई, साडेचार आणि साडेतीन हे सांगितलंत ते बरं केलंत, त्यातच उत्तर आहे. आपल्याकडे घड्याळ पुढेमागे करत नाहीत, अमेरिकेत करतात. न्यूयॉर्कला सकाळी सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे साडेचार आणि उन्हाळ्यात साडेतीन. स्वतःच्या यंत्रावर बसवलेल्या एन८एनचा टाइमझोन काही सांगितलं नाही तर अमेरिका/न्यूयॉर्क असतो. जेनेरिक_टाइमझोन या व्हेरिएबलला (एन८एनच्या सेटिंगला) एशिया/कोलकाता द्या आणि एन८एन पुन्हा सुरू करा. वर्कफ्लोच्या (जोडलेल्या चौकोनांच्या साखळीच्या) सेटिंगमध्येही टाइमझोन वेगळा असतो, तोही बघून घ्या.

५:३० चं कारण वेगळं. 'नेट' या रकान्यात येते ती "याच्या आधी नाही" अशी वेळ, आणि ती यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते. नक्की दिवस ठरलेला नसेल तर तिथे महिन्याची किंवा तिमाहीची शेवटची तारीख आणि रात्रीचे ००:०० घालून ठेवतात. त्यात साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ५:३०. म्हणून 'स्टेटस' (स्थिती) आणि 'नेट प्रिसिजन' (वेळ किती नेमकी ठरली आहे) हेही नोशनमध्ये आणा. स्टेटस 'गो' असेल तरच वेळ दाखवायची, 'टीबीडी' (अजून ठरायचं आहे) असेल तर नुसता महिना. साडेपाच तास हाताने मिळवू नका. नोशनच्या चौकोनात तारखेखाली टाइमझोनचा पर्याय आहे, तो वापरा. ताळा करायला चांद्रयान-३ ची नोंद मागवून बघा: १४ जुलै २०२३, यूटीसी ०९:०५, म्हणजे आपले दुपारचे २:३५. तेच आलं की गाडी रुळावर.

आता दुबार पानं. तारीख ही उड्डाणाची ओळख नव्हे, ती तर सारखी बदलणार. नावही कधीकधी बदलतं. प्रत्येक उड्डाणाला लाँच लायब्ररीचा एक लांबलचक 'आयडी' असतो, तो शेवटपर्यंत तोच राहतो. नोशनमध्ये त्यासाठी टेक्स्टचा रकाना करा आणि जुळणी फक्त त्यावर करा.

एन८एनमध्ये 'कंपेअर डेटासेट्स' नावाचा चौकोन आहे. 'अ' बाजूला लाँच लायब्ररीची यादी, 'ब' बाजूला नोशनमधली सगळी पानं. त्याच्या आधी दोन्हीकडे 'एडिट फील्ड्स' लावून रकान्यांची नावं सारखी करून घ्या. चार वाटा निघतात: फक्त 'अ' मध्ये असलेली, सारखी, वेगळी, फक्त 'ब' मध्ये असलेली. पहिलीला नवं पान, वेगळ्यांना 'अपडेट', सारखी सोडून द्यायची. यात एक खाचखळगा आहे: तीच वेळ लाँच लायब्ररी एका रूपात देते आणि नोशन दुसऱ्या, त्यामुळे तारखांची तुलना केलीत तर सगळंच 'वेगळं' ठरेल. 'लास्ट अपडेटेड' (नोंद शेवटची कधी बदलली) हा लाँच लायब्ररीचा रकाना नोशनमध्ये साधा टेक्स्ट म्हणून साठवा, तुलना त्याची करा, बाकीचे रकाने वगळा. आणि फरक आढळला तर दोन्ही बाजू ठेवायला सांगा, कारण अपडेट करायला नोशनच्या पानाचा आयडी 'ब' कडूनच मिळणार.

मुलांच्या लिखाणाची काळजी नको. रकाने अपडेट केल्याने पानाच्या आतल्या मजकुराला धक्का लागत नाही.

इस्रोचं म्हणाल तर, यादी मागितली की पहिली दहाच उड्डाणं येतात आणि त्यांत स्पेसएक्सच्या फाल्कन ९ रॉकेटचीच गर्दी. लिमिट (एका वेळी किती नोंदी) १०० करा, मग फिल्टरच्या चौकोनात तळाच्या देशाचा कोड आयएनडी ठेवा.

पोफळबाग: दर्यावर्दी, खूप आभार! टाइमझोनचं लगेच जमलं. पण बाकीचं करून बघताना मध्येच ४२९ एरर यायला लागली. टोकन बिघडलं का?

दर्यावर्दी: टोकनचा संबंध नाही, ४२९ म्हणजे फार विनंत्या झाल्या. लाँच लायब्ररी फुकट वापरणाऱ्यांना तासाला १५ विनंत्या देते आणि चौकोन चालवून बघायचं बटण दाबलं की दर वेळी एक खर्च होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असाल तर तोच आयपी (नेटवरचा पत्ता) इतरही कुणी वापरत असू शकतं. एकदा उत्तर आलं की ते 'पिन' करा (तेच साठवून ठेवा), पुढची जुळवाजुळव त्याच्यावर चालेल. प्रयोगासाठी त्यांचा वेगळा डेव्ह सर्व्हर आहे, तिथली माहिती शिळी असते पण मर्यादेची कटकट नाही.

खाडीपलीकडे: आमच्या वाडीत लाईट आसता तेव्हा रेंज नसता, रेंज आसता तेव्हा लाईट नसता. 🙂 तुमच्याकडेही तीच गत असणार, म्हणून सांगतो. पाय ४ मध्ये सेलवर चालणारं घड्याळ नसतं. लाईट जाऊन आली आणि नेट लागलं नाही तर ते मागचीच वेळ धरून बसतं. घड्याळ फार मागे राहिलं तर सुरक्षित जोडणीही अडते आणि एरर भलतीच दिसते. आरटीसीचं (तशाच सेलवरच्या घड्याळाचं) छोटं मॉड्यूल लावा किंवा राउटर आणि पाय दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. दुसरं, लाईट नसताना चुकलेली फेरी एन८एन नंतर भरून काढत नाही. तेव्हा रोज एकदा नको, दर तीन तासांनी चालवा. आता जुळणी आयडीवर असल्याने कितीही वेळा चाललं तरी पानं दुप्पट होणार नाहीत.

सुतळीबॉम्ब: अवांतर: मुलांना १८ ऑगस्टला विजयदुर्गावर न्या. हेलियमचा शोध तिथेच लागला, लॉकयरने लावला.

दर्यावर्दी: न्यायला हरकत नाही, किल्ला सुंदर आहे. पण १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला लॉकयर भारतात नव्हता. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता, तोही गुंटूरला. लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने सूर्याच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरात इंग्लंडमधून, ग्रहण नसताना पाहिली. यावर वेगळा धागा काढा, इथे ताईंचं काम चाललंय.

पोफळबाग: झालं! एक उड्डाण पुढे ढकललं गेलं आणि त्याच पानावर नवी तारीख आली, मुलीने काढलेलं चित्र जागच्या जागी. जुनी दुबार पानं मुलांनाच एकत्र करायला दिली आहेत. आता एकच राहिलं: 'फक्त ब' च्या वाटेने जी पानं बाहेर पडतात ती काढून टाकू का?

दर्यावर्दी: मुळीच नको. ती बहुतेक उडून गेलेली उड्डाणं असतात, म्हणून 'अपकमिंग'मधून गळतात. त्या वाटेवर आणखी एक एचटीटीपी रिक्वेस्ट ठेवा, आयडी देऊन तेवढ्याच उड्डाणाची नोंद मागवा आणि स्टेटस भरा: सक्सेस, फेल्युअर, जे असेल ते. ज्यांचा निकाल आधीच भरलाय ती पानं फिल्टरने वगळा, नाहीतर जुनी पानं साठत गेली की तासाच्या १५ विनंत्या त्यांच्यातच संपतील.