मदत हवी आहे: आईचं वजन जास्त आहे, गर्भाशयाचं ऑपरेशन रोबोटिक करावं की पोट उघडून?

नमस्कार मंडळी. आम्ही सोलापूरचे, विडी घरकुलला राहतो. आई ५९ वर्षांची. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली असताना परत अंगावरून जायला लागलं. बायोप्सीत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. एमआरआयवरून तो गर्भाशयापुरताच वाटतोय, म्हणून गर्भाशय, नळ्या, अंडाशय सगळं काढायचं ठरलंय.

अडचण वजनाची. उंची पाच फूट एक इंच, वजन ९६ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० च्या घरात. शुगर-बीपी आहे. रात्री घोरताना मध्येच श्वास अडकतो.

इथले डॉक्टर म्हणतात, पोट उघडूनच करू. रोबोटिकमध्ये (छोट्या छिद्रांतून, डॉक्टर चालवतात त्या रोबोटच्या हातांनी) पोटात गॅस भरतात आणि पेशंटचं डोकं बरंच खाली करून ठेवतात. पोटाचा सगळा भार छातीकडे येतो, फुप्फुसं दबतात, भूलतज्ज्ञाला अवघड जातं. पुण्याचे डॉक्टर त्याच वजनामुळे उलटं सांगतात. एवढ्या पोटावर मोठा छेद घेतला तर जखम चिघळणं, टाके उसवणं, पुढे हर्निया, हे सगळं आलं. शिवाय दुखण्यामुळे आई लवकर चालली नाही तर पायात गुठळी. साध्या दुर्बिणीचं विचारलं, तर म्हणाले की जाड पोटात रोबोटने काम जास्त सोपं जातं आणि मध्येच पोट उघडायची वेळ कमी येते. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली एक मोठी चाचणी वाचली. साध्या दुर्बिणीने सुरू केलेल्या याच कॅन्सरच्या ऑपरेशनांत, बीएमआय ४० च्या वर असलेल्या निम्म्याहून जास्त बायकांचं पोट शेवटी उघडावं लागलं होतं.

मला दोघांचंही पटतं, म्हणून तर निर्णय होत नाहीये.

घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल तर कृपया सांगा. डोकं खाली केल्यावर श्वास झेपेल का, हे भूलतज्ज्ञांनी आधी कसं पाहिलं? झोपेची तपासणी करून घेतली का? वजनामुळे वेळ किती वाढला? नातेवाईक म्हणतात आधी वजन उतरवा, पण कॅन्सर असताना महिनोन् महिने थांबायला माझं मन तयार नाही.

महात्मा फुले योजनेत रोबोटिक बसतं का, की वरचा खर्च आपणच करायचा? आणि पुण्याहून अडीचशे किलोमीटर गाडीने पेशंटला किती दिवसांनी घरी आणलंत?