नाताळ, मिस्सा आणि ‘प्रसाद’

जिज्ञासू: नाताळच्या रात्री वसईला मित्रासोबत मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेलो होतो. शेवटाकडे सगळे रांगेने पुढे जाऊन पांढरी पातळ चकती घेत होते. मीही उठलो, तर त्याने हळूच बसवलं. प्रसादाला कुणी नाही म्हणतं का?

वसईकर: ‘प्रसाद’ समजुतीपुरता ठीक, नेमका नाही. नैवेद्यात देव वेगळा, शिरा वेगळा. कॅथलिक श्रद्धेनुसार मिस्सात त्या चकतीचं, म्हणजे भाकरीचं, रूप नि चव तीच राहते, पण ती खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. फादर ‘ख्रिस्ताचे शरीर’ म्हणतात, घेणारा ‘आमेन’ म्हणतो. म्हणजे ‘हे मला मान्य’. मान्य नसताना ते कसं म्हणणार? गंभीर पाप मनावर असेल तर कॅथलिकसुद्धा आधी कन्फेशन, म्हणजे फादरांपुढे पापाची कबुली, करतो. बऱ्याच चर्चमध्ये इतरांना छातीवर हात आडवे धरून आशीर्वाद मात्र घेता येतो.

भाषाप्रेमी: प्रॉटेस्टंट मंडळी याच विधीला ‘प्रभुभोजन’ म्हणतात, त्यांच्यातल्या अनेकांचा भर स्मरणावर असतो. याचंच दुसरं नाव ‘युखारिस्त’ मूळ ग्रीक, अर्थ आभार मानणं. ‘नाताळ’ पोर्तुगीजांकडून आला, अर्थ जन्म. ‘ख्रिसमस’मधला ‘मस’ म्हणजे मात्र मिस्सा! आणि मिस्सा हे नाव लॅटिन विधीच्या अखेरच्या ‘ईते, मिस्सा एस्त’वरून, म्हणजे निरोपाच्या वाक्यावरून पडलं.

जिज्ञासू: पण जन्माचा सण आणि मिस्सा ज्यावरून आला ते येशूच्या मरणाच्या आदल्या रात्रीचं जेवण, यांची सांगड कशी?

वसईकर: बेथलेहेमचा हिब्रू अर्थ ‘भाकरीचं घर’. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरींनी नाताळच्या प्रवचनात हाच धागा पकडला: योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात स्वतःला ‘जीवनाची भाकर’ म्हणवणारा भाकरीच्याच घरी जन्मला. १२२३ साली असिसीच्या संत फ्रान्सिसने इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण, गवत, बैल, गाढव असं सगळं जमवलं. आज आठवण फक्त त्या देखाव्याची निघते, पण तिथे गव्हाणीवरच मिस्सा झाला होता! नाताळला रात्री, पहाटे आणि दिवसा असे तीन वेगळे मिस्सा ठरलेले आहेत. नुसता देखावा आणि केक म्हणजे माझ्या मते अर्धाच नाताळ.

भाषाप्रेमी: मग शुभेच्छापत्रांवरचं ‘गोठ्यात जन्मलेला’ खटकायला हवं. लूकच्या शुभवर्तमानात गोठा हा शब्दच नाही. बाळाला ‘गव्हाणीत ठेवले’ एवढंच आहे, आणि गव्हाण म्हणजे गुरांच्या खाण्याची जागा.