विंडोज १०: ‘एन्रोल नाऊ’ दिसतच नाही, मदत हवी आहे

त्रस्त_लेखापाल
ऑक्टोबर २०२५ नंतर सिक्युरिटी अपडेट बंद. मुदतीनंतरचे जादा सिक्युरिटी अपडेट, म्हणजे ईएसयू, घ्यायला ‘एन्रोल नाऊ’ येतं म्हणतात, माझ्याकडे नाहीच. ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबून दाबून बोट दुखलं. रिटर्नची घाई आहे, पटकन सांगा.

खटपट्या
विंडोज+आर दाबून ‘विनव्हर’ टाका. २२एच२, बिल्ड १९०४५ हवं. पॉइंटनंतर ६२१६ पेक्षा कमी असेल तर ऑगस्ट २०२५ चं केबी५०६३७०९ हे अपडेट बसलेलं नाही. त्याआधी एन्रोलची खिडकी उघडून लगेच मिटायची.

मिंटप्रेमी
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका, कटकट संपली.

त्रस्त_लेखापाल
१९०४५.६४५६, प्रो. आणि मिंटवर टॅली कोण चालवणार, तुम्ही?

खटपट्या
म्हणजे १४ ऑक्टोबरचं शेवटचं फुकट अपडेट बसलंय. लॉगिन कुठल्या अकाउंटने? लोकल की मायक्रोसॉफ्ट? अ‍ॅडमिन आहे का?

शांतताप्रिय
सर्व्हिसेसमध्ये विंडोज अपडेट डिसेबल करा. परत नोटिफिकेशन येणार नाही.

खटपट्या
अहो, त्यांना अपडेट हवेत!

त्रस्त_लेखापाल
लॉगिन ऑफिसचंच, सगळ्यांचे पासवर्ड सर्व्हरवर. त्याचा काय संबंध?

रॅकवाली
तोच तर संबंध! ‘सिसडीएम.सीपीएल’ उघडून कॉम्प्युटर नेम बघा. ‘वर्कग्रुप’ऐवजी ‘डोमेन’ (मशीन ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्यात) असेल तर घरगुती ईएसयू मिळतच नाही, लिंक कशी दिसेल? (विंडोजमध्ये नुसतं ऑफिसचं अकाउंट जोडलेलं असेल तर अडत नाही.) तुम्हाला व्हॉल्यूम लायसन्सचं (कंपन्यांसाठीचं) ईएसयू लागेल: मशीनमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट. दुसऱ्या वर्षी घेतलं तरी पहिल्याचे पैसे चुकत नाहीत. लायसन्स की मिळाली की अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएलएमजीआर’ला आधी आयपीके (की बसवायला), मग त्या वर्षाच्या अ‍ॅक्टिव्हेशन आयडीसह एटीओ (ती चालू करायला). दुसरी पायरी राहिली तर की नुसती बसते, अपडेट येत नाहीत.

जुगाडू
एवढे पैसे कशाला? डोमेनमधून काढा. सेटिंग्ज सिंक केलं की घरगुती ईएसयू फुकट, नाहीतर ३० डॉलर. एका लायसन्सवर १० मशीन.

रॅकवाली
लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड माहीत नसताना डोमेन सोडलं तर रीस्टार्टनंतर लॉगिनच होणार नाही. झालं तरी डेस्कटॉप कोरा. जुन्या फाइली सी ड्राइव्हच्या युजर्समध्ये शोधत बसा. शिवाय ते लायसन्स धंद्यासाठी नाही.

जुगाडू
मग रुफसने (पेनड्राइव्हवरून विंडोज बसवायचं टूल) विंडोज ११ मारा.

खटपट्या
प्रोसेसर कोणता ते कुठे सांगितलंय त्यांनी? मायक्रोसॉफ्टच्या प्रोसेसर यादीबाहेरच्या मशीनवर ११ चढतं, पण पुढच्या अपडेटची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. हिशेबाच्या मशीनवर नको.

त्रस्त_लेखापाल
आय५-७४००. डोमेनच निघालं. अशी सहा मशीन आहेत. ६१ गुणिले सहा, मालक ओरडणार.

रॅकवाली
सातवी पिढी, ११ च्या यादीत नाही. दोन वर्षांचं ईएसयू म्हणजे मशीनमागे १८३ डॉलर. त्याआधी नव्या मशीनचं कोटेशन घ्या. आणि ऑफिस २०१९ असेल तर त्याचाही सपोर्ट त्याच दिवशी संपला, ईएसयूत ते येत नाही.

त्रस्त_लेखापाल
२०१६ आहे. सुटलो ना?

रॅकवाली
नाही. तेही त्याच दिवशी.